बगदादची देवळी

पृथ्वीवरची सगळी अंतरं संत्र्यांत मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. मैल, कोस, फर्लांग ही मापं सरकारनं आपल्या सोयीसाठी काढलेली आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. झाडावरून तोडलेलं संत्रं जिथवर चांगलं पोचतं तिथवर जग. त्याच्या पुढचं जे काही आहे ते भूगोलाच्या मास्तरांनी पोट भरण्यासाठी रचलेलं. मी भूगोलाचाच मास्तर होतो. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळची ही गोष्ट. पुण्याहून अमरावतीला एका हायस्कुलात नोकरी लागली म्हणून आलो, जुन्या गावाच्या परकोटाच्या आत त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी मला विचारलं, "पुनं इथून किती लांब हाय, मास्तर?" मी ऐटीत मैल सांगितले. त्यांनी ते कानाआड केले, मला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हंजे देठाजोळ जरासा हिरवा." मला वाटलं, हे माझ्याविषयीच बोलताहेत.

ते संत्र्याविषयी बोलत होते. मोर्शीच्या बाजूला त्यांची बाग होती. त्या धंद्यात एक रीत आहे, आणि ती तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संत्रं किती पिकू द्यायचं हे झाड ठरवत नाही, गाव ठरवतं. माल अमरावतीच्या बाजारात जायचा असेल तर पुरता पिवळा होऊ द्यायचा. मुंबईला जायचा असेल तर देठाभोवती हिरवं कडं असतानाच कात्री लावायची. कलकत्त्याला जायचा असेल तर अर्धं फळ हिरवंच हवं, म्हणजे ते गाडीत रंग धरतं. बाकीचे बागवाले हा नियम बागेत पाळत आणि बागेतच सोडून येत. आमचे मालक तो धोतराच्या सोग्याला बांधून घरी आणत. पुतण्याला लहानपणीच नागपूरला शिकायला धाडलं तेव्हा त्याची आई रडायला लागली. हे म्हणाले, "रडता काहून? हिरवा तोडला म्हून काय झालं? जाईतोवर पिकन." एकदा मी त्यांना देवळात कीर्तनाला घेऊन गेलो. बुवांचं पूर्वरंगाचं निरूपण काही संपेना. मालक उठले, चपला शोधत सगळ्या सभेला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "हे कलकत्त्याचं हाय, मास्तर. तुमी बसा. पिकलं की सांगजा." पुण्यात असं कुणी बोललं असतं तर त्याच्यावर वर्तमानपत्रात पत्रं आली असती. इथं बुवासुद्धा हसले.

याच मापानं त्यांनी एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरवलं होतं. तिला ते 'बाई' म्हणत. आई तिच्या लहानपणीच गेली, आणि तिला वाढवलं यांनी आणि बागेनं. पोरगी संत्री खायची आणि सालं उकिरड्यावर न टाकता घरातल्या देवळ्यांमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये, कोंबून ठेवायची. त्या घराच्या मातीच्या जाडजूड भिंतींत देवळ्या मात्र अपार होत्या. माणसं राहिली नाहीत तरी दिवे ठेवायला जागा कमी पडू नये अशा बेतानं बांधलेल्या. स्थळं येऊ लागली तेव्हा मालकांनी एकच अट घातली: "जिथवर आपला संत्रा चांगला पोचते, तिथवरच पोरगी देईन." दिल्लीचं एक चांगलं स्थळ त्यांनी, वाटेत गाड्या बदलताना फळ नासतं म्हणून, परत पाठवलं. मुंबईचा डॉक्टर मुलगा पसंत पडला. मुंबई मापात बसत होती. लग्न झालं, पहिल्या बहाराची पेटी गेली, फळ चांगलं पोचल्याचं उत्तर आलं, मालक सुखात राहिले. मग जावयाला आफ्रिकेतल्या रेल्वेच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि तो बायकोला घेऊन बोटीनं नैरोबीला निघून गेला. मालकांनी जावयाला कधी शिव्या दिल्या नाहीत. ते एवढंच म्हणत, "मी पोरगी मुंबईले देली होती."

मी राहायला आलो ते त्यानंतर. घरात माणूस एक. स्वयंपाक स्वतःच करत आणि पानावर बसले की मधल्या दारातून माझ्याशी गप्पा मारत, म्हणजे एकटं जेवल्यासारखं वाटू नये. मी जेवलो आहे की नाही याच्याशी त्या गप्पांचा संबंध नसे. बोटीनं संत्रं नैरोबीला पोचत नाही, हे त्यांनी दोन बहार पेट्या पाठवून आणि दोन्ही वेळा नासल्याचं ऐकून पुरतं समजून घेतलं होतं. अशात एक दिवस मी वर्तमानपत्रात वाचलं, ते बोलता बोलता बोललो आणि पुढची काही वर्षं त्याची फळं भोगली. कराचीहून विमानं निघतात, आणि मधे विमान बदललं तर त्याच वाटेनं नैरोबीलाही जाता येतं, असं मी म्हणालो.

"किती लांब?"

"आठवडाभर लागेल."

त्यांनी जेवण अर्धं टाकलं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "नकाशा काढा."

मी शाळेचा नकाशा पसरला. कराची दाखवली, नैरोबी दाखवली. मधे निळा समुद्र. मालकांनी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं आणि समाधानानं मान हलवली. मग मी विमानाचा खरा रस्ता दाखवला: कराचीहून वर बसरा, बगदाद, तिथून पश्चिमेला कैरो, मग सगळी आफ्रिका उतरत खार्टूम, जुबा आणि शेवटी नैरोबी. मालक भडकले. "अमरावतीहून अकोल्याले जाले कोनी नागपूरचा वळसा घालते काय?" मी सांगितलं की समुद्रावर उतरता येत नाही, तेल भरायला जमीन लागते. "म्हंजे बैलावानी. पानी पाजा, वैरन टाका." मी सांगितलं की शिवाय रात्री विमान उडत नाही, संध्याकाळी उतरून मुक्काम करतं. मालकांनी नकाशावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "मंग हे पाखरू कायचं? कोंबडी हाय."

पण कोंबडी तर कोंबडी, त्यांनी तिच्यावर भिस्त ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तो घराचं जग झालेलं. पुढच्या दारालगतची देवळी ही कराची. तिच्यात मोर्शीहून आणलेलं, देठाशी हिरवं असलेलं एक संत्रं. ओसरीत बसरा. माजघराच्या खिडकीशी, जिथून दुपारी धुळीचा झोत येई तिथं बगदाद. जात्याच्या वर कैरो. खार्टूम फार तापतं असं मीच कधीतरी वर्गातल्या थाटात सांगितलं होतं, म्हणून ते चुलीच्या अंगाला. जुबा मोरीजवळ, दमटपणासाठी. आणि आतल्या खोलीत, लेकीची लाकडी फणी जिथं ती लग्नाला निघताना राहून गेली होती आणि तेव्हापासून कुणी हलवली नव्हती, ती देवळी नैरोबी. एका देवळीत एक रात्र मुक्काम, सकाळी उठून पुढं. एका देवळीतून दुसरीत नेताना मालक ते संत्रं मुठीत धरून खालवर हलवत, कारण विमान हिसके देतं असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. घरी कुणी आलं आणि सवयीनं देवळीकडे हात गेला की मालक आतून ओरडत, "हात नोको लावू! तो बसऱ्याले हाय!" एकदा जकात नाक्याचा कारकून मला विचारत होता, तुमचे मालक ठीक आहेत ना? सकाळी भेटले तेव्हा "आज कैरो सोडला" म्हणाले.

नैरोबीच्या देवळीत पोचलं की मालक संत्रं सोलत. बहुतेक वेळा आत काही ना काही बिघडलेलं असे. कधी खार्टूमला चुलीनं मार खाल्लेला, कधी जुबाला बुरशी. मग देठाकडचा हिरवा रंग थोडा वाढवून नवं संत्रं कराचीला येई. ज्या दिवशी पहिल्यांदा फळ सगळं पार करून धडधाकट निघालं, त्या दिवशी त्यांनी अर्धं मला दिलं आणि अर्धं हातात धरून फणीसमोर बसून राहिले. मला वाटलं, आता खातील. त्यांनी ते तिथंच देवळीत ठेवलं आणि नंतर मुंग्या लागल्या.

एवढ्यानं माणसाचं समाधान व्हायला हवं होतं. पण घरात हलवून विमान कसं कळणार, ही शंका त्यांना खात होती. अशात अकोल्याला एक विमान आल्याची बातमी आली. गावाबाहेर कापूस निघालेल्या मोकळ्या रानात उतरलेलं, पैसे घेऊन माणसाला आभाळात एक चक्कर मारून आणणारं. मालकांनी मला सुट्टी घ्यायला लावली. बडनेऱ्याला गाडी धरून आम्ही अकोल्याला गेलो. तिथं जत्रा भरली होती. वकील, जिनिंगवाले, घुंगट घेतलेल्या बाया, भज्यांची दुकानं. वर जाणारा प्रत्येक जण बायकोचा निरोप घेऊन जात होता. मालकांनी फेटा माझ्या हातात दिला, वैमानिकानं त्यांच्या डोक्यावर कातडी टोपी चढवली, आणि ते कमरेच्या उपरण्यातून संत्रं काढून दोन्ही हातांत धरून बसले. गोऱ्या वैमानिकानं खुणेनं विचारलं, हे काय? मालकांनी खुणेनंच सांगितलं, तू तुझं काम कर.

विमान परत उतरलं तेव्हा गर्दीनं त्यांना घेरलं. काय दिसलं? अकोला केवढं दिसतं? किल्ला दिसला का? नदी दिसली का? मालक म्हणाले, "संत्रा दिसला." खरोखरच त्यांनी सगळा वेळ खाली मान घालून फळाकडं पाहिलं होतं. जिनिंगवाल्यांपैकी एक जण चिडून म्हणाला, "पैसे पान्यात टाकले की हो!" मालक म्हणाले, "तुमी अकोला पाह्याले वरतं गेले. खालूनच पाह्याचं होतं, फुकटात."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. संत्रं मांडीवर. बोरगाव गेल्यावर म्हणाले, "वरतं गार हाय, मास्तर. फळाले काहीच धोका नाही." मग खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "एकडाव मान वर केली होती मी. मावळतीकडं पाह्यलं. इतक्या वरून बी काहीच दिसत नाही." मी भूगोलाचा मास्तर, पृथ्वी गोल आहे, एवढंच मला त्यावर सांगता आलं असतं. मी त्यांचा फेटा नीट घडी करत बसलो.

पुढं जे झालं ते एका वाक्यात सांगण्यासारखं आहे. विमानाच्या टपालातून ओलं फळ घेत नाहीत, असं पोस्टात कळलं. मला वाटलं, म्हातारा आता खचतो. पण ते पायरीवरच थांबून म्हणाले, "फळ नाही चालत. मानूस तं चालते ना? मंग तिलेच बलावतो." आणि त्यांनी बोलावलं. बहार विकून जावयाला कळवलं की येण्याजाण्याचा खर्च माझा, पोरगी वरून पाठवा. जावई भला माणूस. त्यानं ओळखीच्या एका कुटुंबासोबत तिची सोय केली, आणि एके सकाळी तार आली: निघाली.

त्या दिवसांत घरात संत्रं नव्हतं. मालकांनी नैरोबीच्या देवळीतून फणी उचलली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा हलली. हलवताना त्यांनी तिला अजिबात हिसका दिला नाही; ओंजळीत धरून, मोरीशी पाय सरकू नये म्हणून भिंत धरत ती जुबाला नेली. दुसऱ्या दिवशी खार्टूम. आणि त्या दिवशी फणीला धग लागू नये म्हणून चूल पेटवली नाही, आम्ही दोघांनी दहीपोहे खाल्ले. मग कैरो. अंगण सारवलं, भिंती पांढऱ्या केल्या, बागेतलं एक झाड तिच्यासाठी न तोडता राखलं. ते झाड पुरतं पिकू दिलं होतं, कारण आता फळाला कुठंच जायचं नव्हतं. रोज सकाळी मला विचारत, "मास्तर, आता कुठी असन?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगत. फणी बगदादला पोचली त्या दुपारी दुसरी तार आली.

बाईला खार्टूमला ताप भरला होता. उतरवून घेतलं होतं. जावई तिकडं निघाला होता, आणि बरी झाली की परत नैरोबीलाच नेणार होता. जिवाला भीती नाही, एवढं त्यानं आवर्जून लिहिलं होतं. मी तार वाचून दाखवली. मालक देवळीसमोर उभे राहिले. त्यांनी मुलीला विमानापेक्षा पुढं आणलं होतं. ती खार्टूमला अंथरुणावर आणि फणी बगदादला. मला ते पाहवेना. मी म्हणालो, "मालक, फणी मागं ठेवू का?"

"मांगं कायले?" ते म्हणाले. "इथवर आली ते. मांगं नेली तं पुन्हा निघाचं कधी?"

बाई बरी झाली. तिला तिकडं मुलं झाली, तिची खुशालीची पत्रं येत राहिली. मग लढाई लागली आणि येण्याजाण्याचा विषयच संपला. फणी बगदादलाच राहिली. मालक तिच्याशेजारी एक संत्रं ठेवू लागले, वाटेत भूक लागली तर असावं म्हणून. सुकलं की बदलत. देठाशी जरासुद्धा हिरवं नसलेलं, हात लांबवून खायचं संत्रं. मी एकदा तिथं उभा होतो, तेव्हा मागून आवाज आला, "आता पोचते तिच्यापर्यंत."

माझी बदली अकोल्याच्या शाळेत झाली तेव्हा ते मला सोडायला बडनेऱ्यापर्यंत आले. गाडी सुटताना हातात एक संत्रं दिलं, पिवळंधमक, साल सुटायला आलेलं. "अकोल्याचा हाय. आजच खाजा." त्यानंतर दर बहाराला, अकोल्याच्या बाजाराला येणाऱ्या कुणाबरोबर तरी त्यांचं एक संत्रं मला येत राहिलं. पहिल्या वर्षी तसंच पिवळं. दुसऱ्या वर्षी देठाशी हिरवं कडं होतं. मला वाटलं, घाईत तोडलं असेल. मीही संसाराला लागलो होतो, आज जाऊ उद्या जाऊ करत राहत होतो. अमरावती काय, हाकेच्या अंतरावर. मग एका वर्षी आलेलं संत्रं मी टेबलावर ठेवलं आणि पाहतच राहिलो. ते अर्धं हिरवं होतं. कलकत्त्याला जाणारा माल. त्या माणसाच्या हातून फळ चुकीचं तुटत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या लेखी अकोला तेवढं लांब गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी तेच संत्रं खिशात घातलं आणि पुढच्या गाडीनं निघालो.

दार उघडंच होतं. मालक ओसरीत, बसऱ्याच्या देवळीखाली बसले होते. खूप वाळलेले, पण फेटा जागच्या जागी. मला ओळखायला वेळ लागला. मग तोंडभर हसले. "आले बावा! किती दिसांची वाट! मुक्काम कुठी केला मधात?"

ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. मी म्हणालो, "बगदादला."

"मंग बाई भेटली असन."

"भेटली."

"बरी हाय?"

"बरी आहे. तुमचं संत्रं खात होती."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मी खिशातलं संत्रं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला. "अकोल्याहून आला? चांगला पोचला," म्हणाले. सावकाश सोललं, अर्ध्या फोडी मला दिल्या, आणि भिंत धरत उठून सालं बगदादच्या देवळीत, फणीच्या मागं नीट कोंबून ठेवली. संत्रं कच्चंच होतं, दात आंबले. आम्ही दोघांनी ते गोड आहे म्हणत संपवलं.